बिल्ला ३२० चा, पण ब्लॉकवरचा नंबर? एका जुन्या एस-क्रॉसची खरेदीआधीची तपासणी

जाहिरात अशी होती: मारुती एस-क्रॉस अल्फा १.६ डिझेल, जून २०१६ ची नोंदणी, एमएच १४, एकच मालक, ८७,००० किलोमीटर. खाली ठळक अक्षरांत: '३२० टॉर्क, चेनचं इंजिन, मेंटेनन्स शून्य.' किंमत त्याच वर्षाच्या १.३ लिटर एस-क्रॉसपेक्षा सव्वा लाखाने जास्त. घेणारा पुण्याचा, महिन्यातून दोन-तीनदा कोल्हापूरला जाणारा. गाडीत खरोखर १.६ चं इंजिन आहे की १.३ ला बिल्ला लावून विकतायत, एवढंच त्याला बघून हवं होतं.

जाहिरातीच्या त्या एका ओळीतच दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडत होत्या. ३२० टॉर्क असेल तर चेन नाही, आणि चेन असेल तर ३२० टॉर्क नाही.

एस-क्रॉस ऑगस्ट २०१५ मध्ये आली तेव्हा तिच्यात दोन डिझेल इंजिनं मिळत होती आणि दोन्हींचं मूळ फियाटचं मल्टिजेट हे डिझेल इंजिन. पहिलं १२४८ सीसीचं डीडीआयएस २०० (डीडीआयएस हे मारुतीचं डिझेल इंजिनाचं नाव): ९० पीएस, २०० न्यूटन-मीटर, पाच गिअर. दुसरं १५९८ सीसीचं डीडीआयएस ३२०: १२० पीएस, ३२० न्यूटन-मीटर, सहा गिअर. बिल्ल्यावरचा आकडा म्हणजे टॉर्क, इंजिनाचा ओढायचा जोर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. १.३ चं इंजिन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगापासून टाटा आणि फियाटच्या गाड्यांपर्यंत सगळीकडे होतं, काही काळ मारुतीला ते फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातूनही जात होतं. तालुक्याच्या गॅरेजवाल्यालाही ते पाठ आहे. १.६ मात्र आयात केलेलं. महाग पडल्याने फारसं खपलं नाही, जानेवारी २०१६ मध्ये किंमत दोन लाखांच्या आसपास उतरवावी लागली, आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या चेहऱ्याची एस-क्रॉस आली तेव्हा ते बंद झालं. म्हणून उभ्या क्रोम पट्ट्यांच्या जाळीची गाडी कोणी '१.६' म्हणून दाखवत असेल, तर एक तर ती १.३ आहे, नाहीतर जुन्या गाडीला नवं तोंड बसवलंय.

ज्यांना जोर हवा ते आजही १.६ च शोधतात, त्यामुळे तिला भाव आहे आणि भाव आहे म्हणून बिल्ल्याची बनवाबनवीही आहे. पण घेणाऱ्याच्या खिशाला लागणारा फरक टॉर्कचा नाही. टायमिंग म्हणजे पिस्टनच्या तालावर व्हॉल्व्ह उघडणं-मिटणं. १.३ चं टायमिंग चेनवर चालतं, १.६ चं रबरी बेल्टवर. ऑइल वेळेवर बदललं तर चेन सहसा वर्षानुवर्षं काढावी लागत नाही. ऑइलकडे दुर्लक्ष केलं की ती ताणते, पण सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखडून आधी ओरडते तरी. बेल्ट ओरडत नाही. तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलंच म्हणून समजा. म्हणजे विकणारा १.६ ला 'चेनचं इंजिन' म्हणत असेल तर तो खोटं बोलत असो वा अडाणी असो, बेल्ट बदललेला नसण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच.

आधी कागद

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून तीन कागदांचे फोटो मागवले: आरसीच्या दोन्ही बाजू, चालू विमा पॉलिसी आणि हाताशी असतील ती सर्व्हिस बिलं.

आरसीवर क्युबिक कॅपॅसिटीच्या रकान्यात १५९८. इंजिन नंबर डी१६ए ने सुरू होणारा, शेवटचे तीन आकडे ४१८. मारुतीच्या इंजिन नंबरात सुरुवातीची अक्षरंच इंजिनाची जात सांगतात: १.३ असेल तर डी१३ए, १.६ असेल तर डी१६ए. इथे दोन्ही रकाने एकमेकांशी जुळले. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, पीयूसी, विमा आणि बँकेचा बोजा दिसतो. तो बोजा उतरलेला होता. पण ॲपवर इंजिन आणि चॅसिस नंबरांचा काही भाग झाकलेला असतो, त्यामुळे ॲप बघून 'नंबर जुळला' असं कोणी सांगितलं तर त्याने अर्धाच नंबर बघितलाय.

विमा पॉलिसी ही या कामातली बिनखर्चाची साक्षीदार. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीच्या टप्प्यांवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत खासगी मोटारीला १००० ते १५०० सीसीसाठी वर्षाला ३,४१६ रुपये, १५०० च्या वर ७,८९७ रुपये (जीएसटी वेगळा). म्हणजे १.३ आणि १.६ मधला फरक पॉलिसीच्या एका ओळीत छापलेला असतो. इथे ७,८९७ होते. १.६ म्हणून विकायची गाडी आणि पॉलिसीत ३,४१६ असं दिसलं असतं तर गाडी बघायला जायचे पेट्रोलचे पैसे वाचले असते.

सर्व्हिस बिलांत बघायची ओळ एकच: इंजिन ऑइल किती लिटर. १.३ ला फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं, १.६ ला पाचाच्या जवळपास. बिल्ला बदलता येतो, आठ वर्षांच्या बिलांतलं ऑइल बदलता येत नाही. अधिकृत वर्कशॉपची सहा बिलं होती आणि सगळ्यांवर ऑइल पाचाच्या आसपास.

इथपर्यंत गाडी १.६ च ठरत होती. पण बिलं तारखेने लावल्यावर एक गोष्ट खटकली. फेब्रुवारी २०२३ च्या बिलावर ७१,३४० किलोमीटर. त्यानंतरचं बिल थेट नोव्हेंबरचं, एका खासगी गॅरेजचं, फक्त ऑइल आणि फिल्टरचं, आणि त्यावर ७१,६५५. सात वर्षांत वर्षाला दहा हजार पळालेली गाडी नऊ महिन्यांत ३१५ किलोमीटर कशी पळाली? विक्रेत्याला तेव्हा काही विचारलं नाही. हा प्रश्न गाडीसमोर उभं राहून विचारलेला बरा.

गाडीजवळ

विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की इंजिन थंड पाहिजे, सकाळी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवून खात्री केली. इंजिन गरम करून ठेवलं की थंडीतला खडखडाट आणि पहिला धूर दोन्ही लपतात.

मागच्या दारावर डीडीआयएस ३२० चा बिल्ला. त्याला शून्य मार्क, तो दुकानात मिळतो. गिअरच्या मुठीवर सहा आकडे, त्यालाही शून्य. मूठही मिळते. मोजायचे ते गिअर: क्लच दाबून, इंजिन बंद ठेवून, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत एकेक टाकून बघितला, मग रस्त्यावर सहावा खरंच लागतो का तेही बघितलं. पाच गिअरच्या पेटीला मूठ बदलून सहावा फुटत नाही.

बोनेट उघडल्यावर दिसणारं प्लास्टिकचं कव्हर, त्यावरही डीडीआयएस ३२०. बहुतेक लोकांची तपासणी इथे संपते. खरं तर हे कव्हर रबरी बुचांवर नुसतं बसवलेलं असतं, दोन्ही हातांनी सरळ वर ओढलं की निघतं. ते काढून टॉर्च मारली. टायमिंगच्या बाजूला १.६ ला प्लास्टिकचं झाकण असतं, थोडे बोल्ट काढले की वरचा तुकडा बाजूला होतो आणि दातेरी बेल्टची पाठ दिसते. १.३ ला त्या जागी सीलंट लावून बसवलेलं धातूचं कव्हर असतं आणि त्यामागे चेन. इथे एक गफलत नेहमी होते. बाहेरून दिसणारा, आल्टरनेटर फिरवणारा बेल्ट दोन्ही इंजिनांना असतो. तो बघून 'हा बघा बेल्ट' किंवा 'बेल्ट तर नवीन आहे' असं सांगितलं जातं. तो टायमिंग बेल्ट नव्हे.

झाकणाचा वरचा तुकडा काढला. दातेरी बेल्ट होता. म्हणजे १.६ पक्कं. बेल्टच्या पाठीवर बारीक चिरा आणि कडेला ऑइलचा ओलेपणा.

घेणारा इथे खूश झाला होता. राहिलं होतं ते ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या भागावर, ठोकलेला नंबर वाचणं. जागा नेमकी कुठे ते ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेलं असतं, तिथे पोचायला टॉर्च, छोटा आरसा आणि चिंधी लागते. डिझेलच्या थोड्या थेंबांनी मळी पुसली, मोबाइलचा कॅमेरा आत घालून फ्लॅशवर चार फोटो काढले आणि मोठे करून वाचले. (डोळ्यांनी वाचायच्या भानगडीत पडू नये. ३ चा ८ होतो.) अक्षरं डी१६ए. शेवटचे तीन आकडे मात्र ७६३.

आरसीवर ४१८ होते.

ठोकलेले आकडे एका ओळीत, सारख्या खोलीचे, घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण नाही. म्हणजे नंबरात फेरफार नव्हता. गाडीत इंजिनच दुसरं होतं, जात तीच. चॅसिस नंबर बॉडीवरचा, प्लेटवरचा आणि आरसीवरचा एकच निघाला. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीचा स्कॅनर जोडायची जागा) स्कॅनर लावल्यावर ईसीयूतून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातून, निघालेला चॅसिस नंबरही हाच. ईसीयू मूळ गाडीचा, बॉडी मूळची, इंजिन पाहुणं.

आता नऊ महिन्यांचा प्रश्न विचारला. उत्तर लगेच आलं: घाटात गाडी बंद पडली होती, 'फक्त हाफ इंजिन बदललंय, काही विशेष नाही'. हाफ इंजिन म्हणजे हेडखालचा भाग: ब्लॉक, क्रँक, पिस्टन. विक्रेता ज्याला 'फक्त' म्हणत होता, नंबर नेमका त्याच भागावर असतो. घरून शोधून आणलेलं गॅरेजचं बिल मात्र वेगळंच सांगत होतं: 'इंजिन असेंब्ली, जुनी, १ नग', मजुरी, कूलंट, ऑइल. अर्धं नव्हे, अख्खं इंजिन. कुठून आणलं, नंबर काय, काही नाही. टायमिंग बेल्टचा संच बदलल्याची ओळही नाही. मूळ इंजिन कशाने गेलं हे बिलात नव्हतं, पण चालत्या गाडीचं १.६ मल्टिजेट अचानक बंद पडून अख्खं बदलावं लागतं तेव्हा पहिला संशय बेल्टवरच. ७१ हजारांवर बेल्टने जाणं किलोमीटरच्या हिशेबाने लवकर आहे, पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग जाम झालं, सील गळून बेल्टवर ऑइल पडलं, किंवा बाहेरचा बेल्ट फाटून त्याच्या दोऱ्या आत ओढल्या गेल्या तर किलोमीटरला अर्थ राहत नाही. रबराला वयही लागतं.

आकडे कोणाचे

इथे घेणाऱ्याचा स्वाभाविक प्रश्न: इंजिन १.६ च आहे ना, मग बिघडलं कुठे?

ओडोमीटरवरचे ८७ हजार बॉडीचे आहेत. इंजिन किती पळालंय, कोणी पळवलंय, त्यात ऑइल कधी बदललं, यातलं काहीही ती सहा नेटकी बिलं सांगत नाहीत. ती आता गाडीत नसलेल्या इंजिनाची बिलं आहेत. बेल्टचंही तसंच. आत जो बेल्ट फिरतोय तो आधीच्या गाडीतून इंजिनाबरोबर आलेला असणार. मॅन्युअलमध्ये बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही मर्यादा असतात आणि जी आधी येईल ती धरायची, पण इथे मोजायला सुरुवातच कुठून करायची? असा बेल्ट संपलेलाच धरायचा: बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) आणि वॉटर पंप एकत्र बदलायचे, आणि ते होईपर्यंत कोल्हापूर सोडाच, कात्रजलाही गाडी न्यायची नाही.

दुसऱ्याचं इंजिन बसवताना आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. प्रत्येक इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) डोक्यावर छोटा कोड छापलेला असतो, तो इंजेक्टर डिझेल किती सोडतो त्या बारीक फरकाचा. ईसीयू तो कोड धरून मात्रा दुरुस्त करतो. इंजेक्टर नवे आणि ईसीयूत कोड जुने राहिले तर आयडलिंगला गाडी थरथरते, ॲक्सिलरेटर दिल्यावर काळा धूर येतो, आणि मेकॅनिक बिचारा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करत बसतो. इथे स्कॅनरवर कोड वाचले. चारपैकी एकही इंजेक्टरवर छापलेल्या कोडशी जुळला नाही. थंड सुरुवातीला जाणवलेली हलकी थरथर आता समजली. हे दुरुस्त होतं, योग्य स्कॅनर असेल तर अर्ध्या तासाचं काम. पण बसवणाऱ्याने काम किती मन लावून केलंय त्याचा अंदाज यावरून येतो.

ऑइल भरायचं झाकण उलटं ठेवून इंजिन चालू केलं. झाकण थोडं हललं, उडालं नाही, वाफ बेताची. म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पिस्टनच्या बाजूने फारसं गळत नसावं. खात्रीसाठी कॉम्प्रेशन टेस्टच लागते, पण ती करायची वेळ आली नाही, कारण अडचण कागदावर होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केला तर तो नोंदणी करणाऱ्या आरटीओकडे नेऊन आरसीवर चढवून घ्यावा लागतो. चढवला नाही तर रोजच्या वापरात काही कळत नाही. कळतं तेव्हा वेळ वाईट असते: अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर इंजिन आणि चॅसिस नंबर ताडून बघतो, किंवा परराज्यात विकताना तपासणीला गाडी उभी राहते. विक्रेत्याचं म्हणणं होतं की ट्रान्सफरला इंजिन नंबर कोणी बघत नाही, एजंट फॉर्म २९ आणि ३० भरून देतो. एजंट देईलही. पण तेव्हा न जुळणाऱ्या इंजिनाचा मालक घेणारा झालेला असेल.

आणि ७६३ हे इंजिन कोणाचं? चोरीच्या गाडीचं असू शकतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वाहन समन्वय सेवेत इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते नागरिकालाही बघता येतं. तिथे काही निघालं नाही. नोंद नसणं ही चांगली बातमी, पण मालकी सिद्ध करणारा कागद वेगळाच लागतो.

अटी

विक्रेत्यासमोर मागणी अशी ठेवली. इंजिन विकणाऱ्याचं नंबरासह बिल, ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, त्यावरून आरटीओत तपासणी करून आरसीवर नवा इंजिन नंबर, मग तोच नंबर विमा पॉलिसीवर. हे विक्रेत्याच्या नावावर असतानाच. बेल्टचा संच आणि इंजेक्टरचं कोडिंग घेणारा करणार, खर्च किमतीतून वजा. शिवाय किंमत १.६ ची नव्हे, इतिहास नसलेल्या इंजिनाची.

किमतीवर विक्रेता तयार झाला, सव्वा लाखाचा फरक जवळजवळ सगळा सोडला. घेणाऱ्याचं मन तिथे हललं होतं. स्वस्तात १.६ मिळतेय, कागद बघू नंतर, हा विचार समजण्यासारखा आहे. पण 'नंतर' कागद आणायला धावायचं ते घेणाऱ्यालाच, आणि ज्या गॅरेजने इंजिन बसवलं ते त्याला ओळखतही नाही.

दहा हजार टोकन दिलं आणि तीन आठवड्यांची मुदत. गॅरेजवाल्याने बऱ्याच तगाद्यानंतर मूळ गाडीचा नंबर दिला: गुजरात पासिंगची, अपघातात टोटल लॉस झालेली, भंगारात तोडलेली. ती वाहन पोर्टलवर बघितली तर नोंदणी अजून चालू. कोणी आरसी जमाच केलेली नव्हती. कागदोपत्री ती गाडी गुजरातेत धावतेय आणि तिच्यात ७६३ नंबरचं इंजिन आहे. तिची नोंदणी रद्द होईपर्यंत हाच नंबर दुसऱ्या आरसीवर चढण्याची आशा नव्हती, आणि ती रद्द करायला तिचा मालक किंवा विमा कंपनी हवी. विक्रेत्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

सौदा तिथे थांबला. टोकन परत मिळालं ते पावतीवर लिहून घेतलेल्या या ओळीमुळे: 'आरसीवरील इंजिन नंबर व ब्लॉकवरील इंजिन नंबर एकच असल्याची नोंद आरटीओकडून करून देईन, तीन आठवड्यांत न झाल्यास रु. १०,००० पूर्ण परत.' खाली दोघांच्या सह्या, तारीख, आणि दोन्ही नंबर पूर्ण लिहिलेले.